नऊ नंबरचे दोन नग

आमच्या मामांना "सामान किती?" असं सहज म्हणून विचारू नये. विचारलंच तर खुर्ची ओढून बसायची तयारी ठेवावी. मामा पार्सलच्या गोदामात डिस्पॅचला आहेत, बावीस वर्षं झाली, आणि त्यांच्या मते जगात दोनच प्रकारच्या वस्तू असतात. लेबल लावलेल्या आणि हरवणाऱ्या.

तर सुट्टी संपत आलेली, घरी परतायचा दिवस. माणसं चार: मामा, मामी, त्यांची कॉलेजातली लेक आणि आजी, म्हणजे मामांची आई. नग अकरा. मामा बॅग म्हणत नाहीत, पिशवी म्हणत नाहीत, नगच म्हणतात. प्रत्येक नगाला पांढरं लेबल, त्यावर ठळक अक्षरात 'नग १/११', 'नग २/११', खाली घरचा पत्ता, त्याखाली मोबाइल नंबर, आणि अक्षरं पुसू नयेत म्हणून वरून चिकटपट्टी. आजीच्या काठीलासुद्धा लेबल होतं. काठी म्हणजे नग सात. आजी म्हणाली, "अरे, मला पण लाव एखादं, मी तरी कशाला सुटी फिरू?" मामांनी खरंच क्षणभर विचार केला, असं लेक शपथेवर सांगते.

आता मामींचं ऐका, कारण सगळी गोष्ट तिथे अडकलीय. मामी हॉस्पिटलात नर्स. चौदा वर्षं त्या ज्या खुर्चीची वाट बघत होत्या ती त्यांना मिळाली होती. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर! चार्ज घ्यायचा होता त्याच दिवशी संध्याकाळी सहा वाजता. सहाला हजर नसलात आणि उशिराचं कारण मेट्रनबाईंना पटलं नाही, तर चार्ज यादीतल्या पुढच्या सिस्टरकडे. आणि या पुढच्या सिस्टर साध्या नव्हत्या. त्यांनी म्हणे आधीच नवीन पेन घेऊन ठेवलं होतं.

मामी म्हणत होत्या, "आपण आदल्या दिवशीच निघू या ना हो."

मामा म्हणाले, "एक अख्खा दिवस वाया घालवायचा? साडेअकराला मधलं स्टँड. बाराची मोठी बस. पाचला घर. तोंड धू, कपडे बदल, सहाला तू वॉर्डात. माझी जबाबदारी."

'माझी जबाबदारी' हे मामींनी लग्नानंतर इतक्या वेळा ऐकलंय की त्यांनी गुपचूप युनिफॉर्म इस्त्री करून हातातल्या पर्समध्येच घालून ठेवला.

सकाळचा प्रवास झकास झाला. डोंगरावरून छोटी बस खडखडत उतरली, आजीला दोनदाच मळमळलं, आणि अकरा सदतीसला मधल्या स्टँडवर. मामांनी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं लेट, पण चालवून घेण्यासारखं. सगळे नग फलाटावर ओळीने मांडले आणि मामांनी मोजायला सुरुवात केली.

दहा.

पुन्हा मोजले. उलट्या बाजूने मोजले. दहाच. नग नऊ गायब!

मामांचा चेहरा असा झाला की लेकीने कानातले इअरफोन काढले. "बाबा, काय झालं?"

"कुणी जागचं हलू नका," मामा म्हणाले. ते गोदामात असंच म्हणतात.

हा नग नऊ म्हणजे निळी बॅग. ही मंडळी उतरली होती त्या हॉटेलवाल्यांनी निघताना प्रत्येक कुटुंबाला भेट दिलेली, पुढे 'पुन्हा या' असं छापलेलं. आता या मोसमात शेकडो माणसं त्या डोंगरावरून उतरलेली, त्यामुळे त्या स्टँडवर बघावं तिकडे निळ्या बॅगा. पण मामांच्या नजरेला एकच पडली. चहाच्या टपरीशेजारच्या बाकावर, एकटी, बेवारस, आणि लेबल नसलेली.

"लेबल निघालं!" मामा ओरडले. "तरी मी म्हणत होतो, या वेळच्या लेबलांचा गोंद बरोबर नाही." ते धावत गेले, बॅग उचलली, खिशातून जादाचं लेबल काढलं, उभ्या उभ्या 'नग ९/११' लिहिलं, पत्ता, फोन, वरून चिकटपट्टी दोन पदरी. मोजले. अकरा! मामांना घाम आला होता तो त्यांनी शांतपणे पुसला आणि लेकीला म्हणाले, "बघितलंस? याला म्हणतात पद्धत."

मोठी बस लागलेली होतीच. मामांनी एकेक नग आत चढवला, स्वतः, हमालावर त्यांचा विश्वास नाही. सगळ्यात शेवटी आजीला उठवलं. आजी ज्याच्यावर बसली होती ते लेकीने उचललं आणि आत आणून सीटखाली सरकवलं. फलाटावरचा बाक गार होता म्हणून आजी एका निळ्या बॅगेवर शाल पसरून बसली होती. मामांनी हे पाहिलं नाही. मामा तेव्हा कंडक्टरला वरच्या फळीवर नग कसे रचावेत ते शिकवत होते.

बारा वाजले. बस हलली नाही.

बारा पाच. बारा दहा. ड्रायव्हरची जागा रिकामी. आत उकडायला लागलं. कुणीतरी खिडकी उघडली तर अडकली, बंद होईना. मागच्या सीटवर एक निवृत्त इंजिनिअर होते, ते म्हणाले, "इंजिन गरम असेल. थंड होऊ देतात." पलीकडे छत्रीवाल्या बाई होत्या, त्या म्हणाल्या, "छे हो, ड्रायव्हर जेवायला गेला असेल. माझा भाऊ ड्रायव्हर आहे ना, मला माहितीय." इंजिनिअर म्हणाले, "तुमच्या भावाचं इंजिन वेगळं असेल." यावर छत्रीवाल्या बाईंनी छत्रीचं टोक त्यांच्याकडे वळवून ठेवलं ते शेवटपर्यंत.

मामी काही बोलत नव्हत्या. नुसतं एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे, एकदा मामांकडे. मामा म्हणतात, त्यापेक्षा चार शब्द बोलली असती तर बरं झालं असतं.

"मी बघतो," मामा उठले.

चौकशीच्या खिडकीत एक साहेब होते. समोर टेबलावर पंखा, पंख्यासमोर कागद, कागदावर पेपरवेट म्हणून चहाचा कप.

"बाराची बस का सुटत नाही?"

"सुटेल."

"कधी?"

"सुटेल तेव्हा घोषणा होईल."

"पण घोषणा होईल तेव्हा मी बसमध्ये असेन, मला ऐकू कशी येईल?"

साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली. "तुम्ही बसमध्ये असाल तर तुम्हाला घोषणेची गरज काय?"

हे एकदम बरोबर होतं, आणि म्हणूनच मामांच्या जिव्हारी लागलं. त्यांनी तक्रारवही मागितली. तक्रारवही कपाटात. कपाटाची किल्ली मोठ्या साहेबांकडे. मोठे साहेब जेवायला. "आणि ते वेळेवर आले नाहीत तर त्याची तक्रार कुठे करायची?" असं मामांनी विचारलं. साहेब म्हणाले, "वहीतच की."

मामा परत आले ते तापूनच. बसच्या दाराशी गर्दी. मध्ये ड्रायव्हर. हा एवढा मोठा माणूस, दरवाजातून आडवा आत जाईल असा, आणि चेहरा लालभडक. शेजारी कंडक्टर, किडकिडीत.

"बॅग गेली हो माझी," ड्रायव्हर सांगत होता. "चहा प्यायला वळलो, एक घोट घेतला, मागे बघतो तर नाही. लांबचा चष्मा त्यात. चष्म्याशिवाय मला पुढचं काही दिसत नाही. गाडी कशी काढू? गोळ्याही त्यातच."

"बदली ड्रायव्हर बोलावलाय," कंडक्टर म्हणाला. "तीनच्या गाडीने येईल."

तीन! तीन अधिक पाच, आठ. मामांनी मनात बेरीज केली आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी फुटलं. ते पायरीवर चढले. अहो, भाषण केलं त्यांनी! साठ माणसांपुढे!

"आपली एक बॅग ज्याला सांभाळता येत नाही त्याने साठ माणसं सांभाळायची? आम्ही चार माणसं, अकरा नग, सकाळपासून दोन गाड्या बदलल्या. एक तरी हरवला का? का नाही हरवला? लेबल! नाव-गाव-फोन! घ्या, हे घ्या," आणि खिशातून कोऱ्या लेबलांचा उरलेला कागद काढून त्यांनी ड्रायव्हरच्या हातात कोंबला. "पुढच्या वेळी बॅगेला लावा. फुकट देतोय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. निवृत्त इंजिनिअर म्हणाले, "वा, याला म्हणतात सिस्टिम." ड्रायव्हर बिचारा चष्म्याविना तो कागद डोळ्याजवळ नेऊन बघत राहिला.

मामा तरंगत आपल्या सीटवर आले. इंजिनिअर म्हणाले, "सगळे अकरा एका नजरेत सांगू शकता तुम्ही?"

"एका नजरेत," मामा म्हणाले, आणि दाखवायला म्हणून मोजले. "एक, दोन, तीन... सात ही काठी... नऊ, दहा, अकरा..."

बारा.

"बाराही आहेत की," इंजिनिअर कौतुकाने म्हणाले.

मामा खाली वाकले. वरच्या फळीवर एक निळी बॅग, 'नग ९/११'. आजीच्या सीटखाली एक निळी बॅग, 'नग ९/११'. सीटखालच्या लेबलावरचं अक्षर ठसठशीत, हॉटेलवर टेबलाशी बसून काढलेलं. फळीवरचं घाईत, उभ्या उभ्या लिहिलेलं.

बाहेर लालभडक ड्रायव्हर. आत साठ माणसं, ज्यांनी दोन मिनिटांपूर्वी टाळ्या वाजवल्या. शेजारी मामी, घड्याळाकडे बघत.

सरळ सांगून टाकायचं, आता तुम्ही म्हणाल. सांगायचंच होतं हो त्यांना! फक्त टाळ्या वाजायच्या आधी सांगायचं होतं. आता ते जमेना. मामांनी बावीस वर्षांत गोदामात एकदाही 'चुकलं' म्हटलेलं नाही, हवं तर कुणालाही विचारा. त्यांनी फळीवरची बॅग हळूच काढली, आजीची शाल तिच्यावर टाकली आणि उठले.

"शाल कुठे नेतोस रे?" आजी.

"झटकून आणतो."

"स्वच्छ आहे ती."

"अजून स्वच्छ करतो."

मागच्या दाराने उतरले. पाण्याच्या टाकीजवळ बाक होता, तिथे बॅग ठेवली, इकडेतिकडे पाहिलं, शाल दोनदा जोरात झटकली, कोणी विचारलं तर असावं म्हणून, आणि परत आले. बसले. श्वास सोडला. चारेक मिनिटांत बाहेर आरडाओरडा झाला, "सापडली! सापडली!" बसमध्ये आनंदीआनंद. छत्रीवाल्या बाई म्हणाल्या, "बघा, मी म्हणत नव्हते?" त्या काय म्हणत नव्हत्या ते कुणालाच कळलं नाही. बारा पन्नास. मामांनी मनात बेरीज केली. पाच पन्नास! जमतंय! ते मामींकडे बघून हसले. दिवसभरात पहिल्यांदा मामीही हसल्या.

आणि मामांचा फोन वाजला.

अनोळखी नंबर. मामांनी कापला. पुन्हा वाजला. पुन्हा कापला.

"घ्या की हो," मामी म्हणाल्या. "कुणाचा तरी महत्त्वाचा असेल."

"कर्जवाल्यांचा असतो."

पुन्हा वाजला. आणि तेव्हा मामांना दिसलं, पुढच्या दाराने कंडक्टर चढतोय. एका कानाला फोन. दुसऱ्या हातात निळी बॅग, तिच्यावर पांढरं लेबल, दोन पदरी चिकटपट्टी. त्याच्या मागून ड्रायव्हर. कंडक्टर एकेक सीट पुढे येत होता, मान वाकडी करून ऐकत, आणि मामांचा फोन वाजत होता, वाजतच होता, कारण घाबरून त्यांचं बोट कापायच्या बटणावर बसेना. कंडक्टर बरोबर मामांसमोर येऊन थांबला. दोन्हीकडे एकच आवाज.

"नग नऊ?" कंडक्टरने वाचलं.

बस अशी चिडीचूप झाली की अडकलेल्या खिडकीतून टपरीवरचा स्टोव्ह ऐकू यायला लागला.

"चोर!" मागून कोणीतरी म्हणालं.

मामा ताडकन उठले. "चोर? चोर कधी स्वतःचा पत्ता चिकटवतो का? फोन नंबर देतो का?" आणि मग आवाज खाली आला. "मी... मला वाटलं माझीच आहे. लेबल निघालंय असं वाटलं. मी चुकलो."

ड्रायव्हर दोन पावलं पुढे आला. मामांनी डोळे मिटून घेतले. आणि मामींचा आवाज आला, पण मामांसाठी नव्हता.

"तुम्ही बसा. इथे, पायरीवर. बसा म्हणते ना. गोळ्या कसल्या आहेत तुमच्या?"

"बीपीच्या," ड्रायव्हर म्हणाला.

"दुपारची घेतली?"

"बॅगेत होती ना..."

"नग चार," मामी मागे न बघता म्हणाल्या. आजीचं बीपीचं यंत्र नग चारमध्ये. मामांनी अडीच सेकंदांत हातात दिलं. तेवढ्या एका गोष्टीबद्दल त्यांना आजही समाधान आहे. मामींनी पट्टा बांधला, आकडा पाहिला, ओठ आवळले. गोळी दिली, पाणी दिलं. "आता अर्धा तास शांत बसायचं. मग मी पुन्हा बघणार. आकडा खाली आला तर गाडी काढायची, नाहीतर बदली ड्रायव्हरची वाट बघायची."

"अर्धा तास!" बसभर गलका. "अहो बाई, आम्हाला पोचायचंय!"

मामी उठून उभ्या राहिल्या. काही ओरडल्या वगैरे नाहीत. "आवाज नको," म्हणाल्या. "पेशंटला त्रास होतो." आणि साठ माणसं गप्प! छत्रीवाल्या बाईंनी छत्रीसुद्धा खाली ठेवली.

मामा वाकून कुजबुजले, "अगं, सहा वाजता तुझा..."

"तुम्ही बसा."

मामा बसले. कंडक्टरही बसला, त्याला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

आकडा खाली आला. एक पस्तीसला बस सुटली. मामी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर जाऊन बसल्या, यंत्र मांडीवर. आणि पुढचे पाच तास मामांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. दर मैलाच्या दगडाला भागाकार. ड्रायव्हरने जरा वेग वाढवला की मामांचा जीव उल्हसित व्हायचा, आणि लगेच मामींचा आवाज, "हळू. घाई नाही." घाई नाही! चौदा वर्षांची खुर्ची पुढे, आणि घाई नाही! मामा सीटवर उजवीकडे सरकले, डावीकडे सरकले, उठून फळीवरचे नग मोजले, अकरा, बसले, पुन्हा उठले. आजी म्हणाली, "अरे, तुझं पण बीपी बघून घे एकदा." एका गावात मेंढ्या आडव्या आल्या. मामांनी मेंढ्याही मोजल्या. सत्तेचाळीस. लेकीने बाबांच्या एका कानात आपलं गाणं लावून दिलं, तर म्हणाले, "हे फारच सावकाश आहे."

पाच पन्नास झाले तेव्हा बस शहराच्या बाहेर होती. सहा वाजले तेव्हा एका सिग्नलला. सहाचे टोले कुठेतरी खरंच पडले, मामांनी प्रत्येक मोजला. सहा पस्तीसला हॉस्पिटलच्या फाटकासमोर बस थांबली. तिथे थांबा नाही. कंडक्टर ड्रायव्हरकडे बघायला लागला, ड्रायव्हर समोर बघत म्हणाला, "सिस्टर, उतरा." मामी पर्स घेऊन उतरल्या, आणि धावल्या. मामांनी त्यांना धावताना कधी पाहिलं नव्हतं.

स्टँडवर मामा अकरा नगांच्या मधोमध उभे होते. रिक्षा बघायची सुचेना. आजी एका नगावर बसली, कुठल्या ते त्यांनी पाहिलंही नाही. सात वाजायला आले आणि मामींचा फोन आला. आवाज एकदम खालचा.

"ऐका. मी मेट्रनबाईंसमोर उभी आहे. त्या सिस्टर पण आहेत. पेन घेऊन. उशिराचं कारण वहीत लिहायचंय, मग मेट्रन ठरवणार. काय लिहू?"

"ड्रायव्हरचं बीपी लिही! तू जीव वाचवलास म्हणावं!"

"ते नंतरचं. बस सुटली नाही ते का, ते विचारतायत."

मामांनी लेकीकडे पाहिलं. लेक दुसरीकडे बघायला लागली.

"खरं लिही," मामा म्हणाले. "लिही: माझ्या नवऱ्याने मधल्या स्टँडवर ड्रायव्हरची बॅग स्वतःची समजून उचलली, तिच्यावर आपलं लेबल चिकटवलं, त्यानंतर ड्रायव्हरलाच निष्काळजीपणाबद्दल भाषण दिलं, लेबलांचा कागद भेट दिला, चूक लक्षात आल्यावर शालीखालून बॅग बाहेर..."

"अहो, थांबा, थांबा. रकाना एवढासा आहे. दोन बोटांचा."

समोरून दोन रिक्षा रिकाम्या गेल्या.

"मग," ते म्हणाले, "'नवरा' एवढंच लिही."

पलीकडे पेनाचा आवाज आला. मग कागद सरकल्याचा. मामांनी फोन कानावर इतका दाबला की कान दुखायला लागला. आणि मग लांबून मेट्रनबाईंचा आवाज, थकलेला, तीस वर्षं संसार केलेल्या बाईचा.

"पुरेसं आहे. घ्या किल्ल्या."